आज्ञेमागील कारण

जुन्या पद्धतीनें जमाखर्च ठेवणाऱ्या पेढीवरील खतावणीचें एखादें पान उघडलें, कीं प्रत्येक रकमेच्या शेजारीं एक बारीकसा आंकडा दिसतो. तो रकमेचा आंकडा नव्हे. ती रक्कम कीर्दीच्या ज्या पानावरून उचलली, त्या पानाचा तो आंकडा होय. त्या आंकड्यानें पेढीला एक पैचाहि नफा होत नाहीं. गुमास्त्याचा मात्र रोजचा कांहीं वेळ तो लिहिण्यांत जातो, आणि कामाची घाई असली म्हणजे प्रथम तोच रकाना कोरा राहतो. पुढें वर्षा-दोन वर्षांनीं एखाद्या कुळाशीं हिशेबाचा वाद पडतो, किंवा तपासनीस येऊन बसतो, तेव्हां त्या बारीक आंकड्याचें मोल कळतें. रक्कम खरी असूनहि ती कोठून आली हें सांगतां येत नसेल, तर तिचा खरेपणा सिद्ध करण्यांत रात्रीच्या रात्री खर्ची पडतात.

संगणकाचें सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या धंद्यांतहि असाच एक रकाना आहे. ते त्यास 'ट्रेसेबिलिटी' म्हणतात. मराठींत 'मागोवा' हा शब्द त्या अर्थीं पुरेसा आहे. सॉफ्टवेअर म्हणजे यंत्रानें केव्हां काय करावें हें सांगणाऱ्या आज्ञांची संहिता. विमानाचें, बँकेचें किंवा रुग्णालयांतील एखाद्या यंत्राचें सॉफ्टवेअर लक्षावधि ओळींचें असूं शकतें, आणि तें सारें एका माणसानें कधींच वाचलेलें नसतें. तें तयार होतें तेंहि एका दमांत नव्हे. प्रथम गिऱ्हाईक आपली गरज सांगतें. ती गरज नेमक्या व मोजतां येईल अशा अपेक्षांच्या रूपानें लिहून काढली जाते. अपेक्षांवरून आराखडा होतो. आराखड्यावरून प्रत्यक्ष आज्ञा, म्हणजे कोड, लिहिला जातो. आणि शेवटीं त्या कोडाच्या चाचण्या होतात. या पायऱ्यांमधील दुवे लिहून ठेवणें आणि ते खरे राखणें, हाच मागोवा.

हे दुवे असले म्हणजे दोन दिशांनीं चालतां येतें. वरून खालीं आलें, तर अमुक अपेक्षा कोडांत कोठें पुरी झाली आणि कोणत्या चाचणीनें ती पडताळली, हें कळतें. खालून वर गेलें, तर ही ओळ येथें मुळांत कशासाठीं आहे, हें कळतें. पहिला प्रश्न हिशेबनिसाचा आहे. दुसरा प्रश्न दिसण्यांत पोरकट वाटतो. परंतु या धंद्यांतील मोठमोठीं नुकसानें बहुधा त्याच प्रश्नाचें उत्तर न मिळाल्यामुळें झालेलीं आहेत.

त्यांपैकीं एक प्रकरण सविस्तर पाहण्याजोगें आहे. कारण मागोव्याची बाजू आणि त्याच्या विरुद्धची बाजू अशा दोन्ही त्यांत एकत्र सांपडतात. ता. ४ जून १९९६ रोजीं दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील फ्रेंच गियानांत, कुरू येथील तळावरून, युरोपीय राष्ट्रांनीं 'एरियान ५' हें नवें रॉकेट प्रथमच उडविलें. पृथ्वीच्या चुंबकीय आवरणाचा अभ्यास करण्यासाठीं बनविलेले 'क्लस्टर' मालिकेंतील चार उपग्रह त्यावर होते. उड्डाणाचा क्रम सुरू होऊन चाळीस सेकंद होतात न होतात तोंच, सुमारें ३७०० मीटर उंचीवर, रॉकेट एकाएकीं वाट सोडून तिरपें झालें, हवेच्या माऱ्यानें मोडूं लागलें, आणि त्याच्याच स्वनाशक यंत्रणेनें त्याचे तुकडे उडविले. फ्रेंच गणिती जाक-लुई लियों यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी-मंडळ नेमण्यांत आलें व दुसऱ्याच महिन्यांत त्याचा अहवाल बाहेर आला. रॉकेटाच्या इंजिनांत दोष नव्हता, धातूंत नव्हता, इंधनांत नव्हता. दोष सॉफ्टवेअरच्या एका लहानशा तुकड्यांत होता. आणि नवल असें, कीं तो तुकडा ज्यासाठीं लिहिला गेला, तें काम तो अगदीं बिनचूक करीत होता.

रॉकेट कोणत्या दिशेस व कोणत्या वेगानें चाललें आहे हें मोजणारें एक उपकरण त्यांत असतें. एक बिघडल्यास हाताशीं असावें म्हणून त्याच्या जोडीस तसेंच दुसरें. या उपकरणाचें सॉफ्टवेअर जुन्या एरियान ४ वर वापरलेलें होतें, आणि जें इतकीं वर्षें बिनतक्रार चाललें त्यास हात लावूं नये, हा विचार कोणाहि समंजस माणसास पटण्यासारखा आहे. त्यांत एके ठिकाणीं आडव्या वेगाशीं संबंध असलेली एक संख्या ६४ बिटांच्या ऐसपैस जागेंतून १६ बिटांच्या तोकड्या जागेंत हलविली जात असे. १६ बिटांच्या या जागेंत ३२,७६७ हून मोठी संख्या मावत नाहीं. एरियान ४ वर ती कधींच तेवढी मोठी होत नसे. एरियान ५ चा आडवा वेग मात्र जुन्या रॉकेटाच्या पांचपट झपाट्यानें वाढत होता. संख्या मावली नाहीं; उपकरण बंद पडलें. जोडीचें उपकरण मदतीस येणार कोठून? तेंच सॉफ्टवेअर, तीच संख्या. तें त्याच कारणानें क्षणापूर्वींच बंद पडलें होतें. बंद पडतांना उपकरणानें आपल्या बिघाडाची जी खूण पाठविली, ती मुख्य संगणकानें उड्डाणाची खरी माहिती समजून इंजिनांचीं तोंडें वळतील तेवढीं वळविलीं.

इथपर्यंतची हकीकत पुष्कळांनीं सांगितलेली आहे, आणि ती ऐकून 'कोणी तरी गाफील राहिला' एवढाच बोध सहसा घेतला जातो. पण अहवालांतील पुढचा भाग अधिक विचार करण्यासारखा आहे. तशा धोक्याच्या सात संख्या त्या कोडांत होत्या. त्यांपैकीं चार संख्यांना, त्या मावल्या नाहींत तर काय करावें, याची तजवीज केलेली होती. तिघींना केलेली नव्हती. हा विसर नव्हे. उपकरणाच्या संगणकावरील भार ८० टक्क्यांपलीकडे जाऊं नये असें बंधन होतें; प्रत्येक तजवीज कांहीं भार वाढविते; म्हणून ज्या संख्या निसर्गतःच मर्यादेंत राहतात, किंवा ज्यांच्याभोंवतीं भरपूर मोकळीक आहे, त्या उघड्या सोडण्याचें ठरलें. तें कामांत भागीदार असलेल्या निरनिराळ्या संस्थांनीं मिळून ठरविलें होतें. निर्णयास कारण होतें, आणि एरियान ४ पुरतें तें कारण सबळहि होतें.

मग उणीव कोठें राहिली? त्या उघड्या सोडलेल्या ओळीपाशीं तें कारण लिहिलेलें नव्हतें, आणि तें कोणत्या कागदांत सांपडेल याचा निर्देशहि नव्हता. कागद अस्तित्वांत होते. पण अशा कामाच्या कागदपत्रांचा ढीग एवढा मोठा असतो, कीं एका ओळीमागील गृहीत त्यांतून शोधून काढणें बाहेरच्या तपासनिसास अशक्यप्राय झालें. कोणीं मुद्दाम लपविलें नव्हतें, तरी तें झांकलें गेलें होतें, असाच अभिप्राय मंडळानें दिला. खतावणींत रक्कम होती, कीर्दींतहि होती. मधला पानाचा आंकडा तेवढा नव्हता.

दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक. ज्या गणितांत ही संख्या फुगली, तें गणित रॉकेट जमिनीवर उभें असतांना उपकरण जुळवून घेण्यासाठीं होतें. उड्डाण झाल्यावर एरियान ५ ला त्याचा कांहींएक उपयोग नव्हता. तरीहि तें उड्डाणानंतर सुमारें चाळीस सेकंद चालूं ठेवलेलें होतें. कां? तर अगदीं शेवटच्या कांहीं सेकंदांत उलटी मोजणी थांबविण्याची वेळ आली, तर पाऊण तास किंवा अधिक वेळ घेणारी जुळवाजुळव पुन्हां करावी लागूं नये, म्हणून दहाहून अधिक वर्षांपूर्वीं जुन्या एरियान रॉकेटांसाठीं केलेली ती सोय होती. १९८९ सालीं एका उड्डाणाच्या वेळीं ती उपयोगीहि पडली. नव्या रॉकेटाची तयारी निराळी असल्यामुळें ही गरज तेथें उरलीच नव्हती. गरज मेली, पण तिच्यासाठीं लिहिलेल्या आज्ञा जिवंत राहिल्या. प्रत्येक आज्ञेपासून तिच्या अपेक्षेपर्यंत बोट ठेवीत जाण्याची रीत तेथें चोख असती, तर या आज्ञांच्या वरच्या टोकाला रिकामी जागा दिसली असती.

असें असलें, तरी या प्रकरणाचा दाखला देऊन 'म्हणून सर्व कांहीं लिहून ठेवा' असें म्हणणाऱ्यांनीं जरा थांबावें. येथें कागद कमी पडले नव्हते. उलट, हवा तो कागद इतर हजार कागदांखालीं दबला होता. शिवाय एरियान ५ चा प्रत्यक्ष मार्ग त्या उपकरणाच्या अपेक्षांच्या यादींत मुळीं घातलेलाच नव्हता. जें यादींत नाहीं त्याचा दुवा कोण कशास जोडणार? नव्या मार्गाचे आंकडे घालून त्या उपकरणाची चाचणी झाली नाहीं, ती त्यामुळेंच; आणि मागोव्याचा तक्ता जरी केला असता, तरी तो प्रत्येक रकाना भरलेला, निर्दोष असा दिसला असता. मागोवा लिहिलेल्या गोष्टींची नातीं दाखवितो. न लिहिलेल्या गोष्टीची उणीव तो स्वतः होऊन बोलून दाखवीत नाहीं.

मेलेल्या गरजेच्या जिवंत आज्ञांचें दुसरें उदाहरण न्यूयॉर्कच्या रोखेबाजारांतलें आहे. तेथील 'नाइट कॅपिटल' या मोठ्या दलाली कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्यें 'पॉवर पेग' नांवाचा एक जुना भाग होता. त्याचा वापर २००३ सालीं थांबला. कोड मात्र तसाच राहिला. २०१२ सालीं नवें काम घालतांना, त्या जुन्या भागास जागें करणारी खूण नव्या भागासाठीं पुन्हां वापरण्यांत आली. नवें सॉफ्टवेअर आठ संगणकांवर चढवावयाचें होतें. एक राहून गेला. ता. १ ऑगस्ट २०१२ रोजीं बाजार उघडतांच त्या एका संगणकावर नऊ वर्षें झोंपलेला भाग जागा झाला, आणि गिऱ्हाइकांच्या अवघ्या २१२ मागण्यांवरून त्यानें चाळीस लाखांहून अधिक व्यवहार केले. पाऊण तासांत ४६ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झालें. बाजार उघडण्यापूर्वीं कंपनींतील माणसांना आपोआप गेलेल्या ९७ ई-मेल संदेशांत 'पॉवर पेग' हें नांव आलें होतें. परंतु ते संदेश धोक्याची सूचना म्हणून योजलेले नसल्यामुळें कोणीं त्यांकडे त्या दृष्टीनें पाहिलें नाहीं. पुढें घाईघाईनें दुरुस्ती करतांना चांगल्या सात संगणकांवरील नवाच कोड काढून टाकण्यांत आला, आणि एकाच्या ठिकाणीं आठहि संगणक बेफाम झाले. कोणतें वागणें कोणत्या कोडांतून येत आहे, हें त्या पाऊण तासांत कोणालाहि सांगतां आलें नाहीं.

अशा गोष्टी ऐकल्यावर मागोव्याच्या खर्चाविषयीं बोलणें कृपणपणाचें वाटेल. परंतु खर्च खरोखरच मोठा आहे, आणि तो दिसत नाहीं म्हणूनच त्याचा हिशेब मांडला पाहिजे. समजा, एका मध्यम आकाराच्या कामांत पांचशें अपेक्षा आहेत. प्रत्येकीपासून आराखड्याच्या चार कलमांकडे दुवे जातात. प्रत्येक कलमापासून कोडांतील तीन जागांकडे. आणि प्रत्येक अपेक्षेस चार चाचण्या. एका अपेक्षेचे असे वीस दुवे झाले. पांचशांचे दहा हजार. एक दुवा लिहून दुसऱ्यानें तपासण्यास मिळून पांच मिनिटें धरलीं, तर एका माणसाचे शंभराहून अधिक पुरे दिवस केवळ दुवे जोडण्यांत जातात. हे आंकडे कल्पनेचे आहेत. पण ज्यांनीं हें काम केलें आहे त्यांना ते अतिशयोक्तीचे वाटणार नाहींत. आणि ही झाली पहिल्या दिवसाची गोष्ट. गिऱ्हाइकानें एक अपेक्षा बदलली, कीं वीस दुव्यांना पुन्हां हात लावावा लागतो. कोड तर रोज बदलतो. दुवा राखला नाहीं तर तो शिळा होतो, आणि शिळा दुवा हा नसलेल्या दुव्याहून वाईट. दुवा नसला तर मनुष्य शोध घेतो. खोटा असला तर विश्वासानें चुकीच्या ठिकाणीं जातो. पानाचा आंकडा कोरा ठेवणाऱ्या गुमास्त्यापेक्षां अंदाजानें लिहिणारा गुमास्ता पेढीला अधिक महागांत पडतो, तसाच हा प्रकार आहे.

या खर्चांत आणखी एक अडचण आहे, आणि सर्व अडचणींचें मूळ तीच होय. दुवा लिहिण्याचे कष्ट आज एकाला पडतात; लाभ पुढें केव्हां तरी दुसऱ्याला होतो. कोड लिहिणाऱ्यास तो कशासाठीं लिहिला हें त्या दिवशीं पुरें ठाऊक असतें. त्याला दुव्याची गरज नसते. ज्याला गरज पडणार, तो पुढें तीन वर्षांनीं, कदाचित् दुसऱ्याच कंपनींत, कामावर येणार असतो. अशा परिस्थितींत केवळ नियम केल्यानें माणसें रकाने भरतात. त्यांत सत्य भरतात असें नाहीं. ऑर्लेना गोटेल आणि अँथनी फिंकेलस्टाईन या दोघांनीं इंग्लंडांत शंभराहून अधिक जाणत्या कामगारांकडे चौकशी करून १९९४ सालीं जो निबंध वाचला, त्यांत या विषयाची एक बाजू फार चांगली उघड झाली. अपेक्षा एकदां कागदावर आल्यानंतरचे दुवे हा मागोव्याचा सोपा भाग. बहुतेक अडचणी त्याआधींच्या टप्प्यांतल्या असतात. ही अपेक्षा प्रथम कोणाच्या तोंडून निघाली, कोणत्या वादांतून ती असा आकार घेऊन बाहेर पडली, आणि आज तिच्याविषयीं कोणास विचारावें, हें कोणत्याच तक्त्यांत नसतें. ज्या भागासाठीं तक्ते काढले जातात तो भाग, आणि ज्याच्या अभावीं माणसें अडून बसतात तो भाग, हे एकच नव्हेत.

विमानाच्या धंद्यांत या सर्व खर्चाविषयीं फारसा वाद राहिलेला नाहीं. तेथें 'डीओ-१७८' नांवाची नियमावली चालते. तिची तिसरी सुधारलेली आवृत्ति डिसेंबर २०११ मध्यें निघाली. तिच्याप्रमाणें अपेक्षेपासून कोडापर्यंत व चाचणीपर्यंत, आणि उलट दिशेनें परत, दुवे दाखवावे लागतात. ज्या कोडास वरचें टोक नाहीं तो कां आहे याचा जबाब द्यावा लागतो. परंतु या नियमावलीचा खरा शहाणपणा तिच्या कडकपणांत नसून तिच्या पायऱ्यांत आहे. ज्या सॉफ्टवेअरच्या चुकीनें विमान कोसळूं शकतें, तें 'अ' वर्गाचें. त्यास ७१ उद्दिष्टें पुरीं करावीं लागतात. ज्याच्या चुकीनें किरकोळ गैरसोय होईल, तें 'ड' वर्गाचें. त्यास २६ पुरतात. ज्याच्या चुकीचा विमानाच्या सुरक्षिततेवर परिणामच होत नाहीं, त्यास ही नियमावली हात लावीत नाहीं. वैद्यकीय यंत्रांच्या सॉफ्टवेअरसाठीं २००६ सालीं झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रमाणांतहि असेच तीन वर्ग आहेत. मोटारींसाठींहि २०११ पासून तसें प्रमाण आहे, आणि तें पुण्याच्या परिसरांतील कित्येक घरांत नकळत येऊन पोंचलें आहे; कारण परदेशी मोटारींचें सॉफ्टवेअर लिहिण्याचें व तपासण्याचें काम हिंजवडीच्या कचेऱ्यांतून बरेंच चालतें. घरांतील मुलगा किंवा सून रात्रीं उशिरां येऊन 'दिवसभर नुसते तक्ते भरले' असें कुरकुरत असेल, तर तें बहुधा याच दुव्यांविषयीं असतें. त्या कुरकुरीला अर्थ आहे. आणि त्या तक्त्यालाहि, जर तो ब्रेकच्या सॉफ्टवेअरचा असेल.

पायऱ्या न पाडतां सरसकट कडकपणा केला, म्हणजे काय होतें तेंहि पाहून झालेलें आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें १९८८ सालीं जें प्रमाण लावलें, त्यांत दुव्यांसह दस्तऐवजांचा एवढा पसारा होता, कीं सॉफ्टवेअर बनविणें आणि सॉफ्टवेअरविषयीं लिहिणें यांत मुख्य काम कोणतें असा प्रश्न पडावा. याच वळणाच्या कामाविरुद्ध पुढें प्रतिक्रिया उठली. फेब्रुवारी २००१ मध्यें यूटा संस्थानांतील स्नोबर्ड येथें सतरा जण जमले आणि त्यांनीं एक छोटासा जाहीरनामा काढला. विस्तृत दस्तऐवजांपेक्षां चालतें सॉफ्टवेअर अधिक मोलाचें, हें त्यांतील एक कलम. या कलमाचा आधार घेऊन पुष्कळांनीं लिहिणेंच सोडून दिलें. परंतु दस्तऐवजालाहि मोल आहे, असें त्याच जाहीरनाम्यांत शेवटीं कबूल केलेलें आहे. तेवढें वाचण्यापूर्वीं पुष्कळांनीं कागद मिटला असावा.

खर्च कमी करण्याचे मार्गहि निघालेले आहेत. २००५ सालीं लिनस टॉरव्हाल्ड्स यांनीं 'गिट' हें साधन लिहिलें. तें आज जवळजवळ सगळीकडे वापरलें जातें. कोडाची प्रत्येक ओळ कोणीं, कोणत्या दिवशीं, इतर कोणत्या ओळींबरोबर बदलली, हें तें आपण होऊन नोंदतें. गुमास्त्यास वेगळा रकाना भरावा लागत नाहीं. बदलाच्या टिपणांत कामाचा क्रमांक लिहिण्याची शिस्त पाळली, कीं त्या ओळीपासून मूळ मागणीपर्यंत वाट तयार होते. ही शिस्त फार स्वस्त आहे आणि तिच्यापासून मिळणारा लाभ तिच्या खर्चाच्या मानानें बराच मोठा आहे. मात्र 'कोणीं' आणि 'केव्हां' हें यंत्र सांगतें. 'कां' हें माणसासच लिहावें लागतें, आणि घाईच्या दिवशीं तेथें 'दुरुस्ती केली' एवढे दोन शब्द पडतात. या दोन शब्दांनीं तीन वर्षांनंतरच्या माणसाच्या पदरांत कांहींच पडत नाहीं.

यंत्राकडूनच दुवे शोधवून घ्यावे, असाहि प्रयत्न चालूं आहे. अपेक्षेंतील शब्द आणि कोडांतील नांवें यांचें साम्य पाहून दुवे सुचविण्याच्या पद्धतीवर इटली व कॅनडा येथील संशोधकांनीं २००२ सालीं लिहिलें, आणि त्यानंतर तें काम बरेंच पुढें गेलें आहे. अलीकडचीं भाषा समजणारीं यंत्रें शब्दसाम्याच्याहि पलीकडे पाहूं शकतात. तरी यंत्रानें सुचविलेला दुवा हा सुचविलेला दुवा असतो. तो खरा कीं खोटा हें पाहण्यास जाणता मनुष्य लागतो. म्हणजे खर्च नाहींसा झाला असें नव्हे. लिहिण्याचा खर्च तपासण्याकडे वळला. जेथें चुकीच्या दुव्यानें फारसें बिघडत नाहीं तेथें हा सौदा चांगला. विमानाच्या बाबतींत तेवढा नव्हे.

वर सांगितलेला मागोवा एका सॉफ्टवेअरच्या पोटांतला झाला. पण हल्लीं कोणतेंहि सॉफ्टवेअर सर्वस्वीं घरचें नसतें. त्यांत परक्यांनीं लिहिलेले तयार भाग घातलेले असतात, आणि त्या भागांच्या पोटांत आणखी भाग. कोणता भाग कोठें आहे याची यादी ठेवणें हाहि मागोवाच, आणि त्याचा खर्च-लाभ डिसेंबर २०२१ मध्यें सर्व जगास एकदम कळला. संगणकावर काय घडलें याची नोंदवही ठेवणारा 'लॉग४जे' नांवाचा एक तयार भाग फुकट मिळतो व असंख्य ठिकाणीं वापरला जातो. त्यांत कांहीं वर्षांपासून असलेलें एक छिद्र, ज्यांतून परक्यास आंत शिरून हवें तें करतां येई, त्या महिन्यांत उघडकीस आलें. दुरुस्त केलेली आवृत्ति मिळाली. ती बसविणें फारसें कठीण नव्हतें. कठीण होतें तें हें, कीं आपल्याकडे हा भाग कोठें कोठें आहे, हेंच बहुतेक संस्थांना ठाऊक नव्हतें. ज्यांच्याकडे यादी होती त्यांनीं यादी काढून काम सुरू केलें. बाकीच्यांनीं प्रथम शोध सुरू केला. अमेरिकेंतील एका खात्यानें आपल्या संगणकांची या संकटापासून राखण करण्यासाठीं ३३,००० तास खर्च केल्याचें पुढें तेथील चौकशी-मंडळास कळविलें. हा आंकडा त्या दहा हजार दुव्यांच्या हिशेबाशेजारीं ठेवून पाहण्यासारखा आहे. अमेरिकन सरकारनें अशा यादीचा आग्रह मे २०२१ मध्येंच, म्हणजे या प्रकरणाच्या सात महिने आधीं, एका हुकुमानें धरला होता. पण यादी एका हुकुमासरशीं तयार होत नाहीं.

तेव्हां मागोवा ठेवावा कीं नाहीं, हा प्रश्न अशा ठोकळ रूपांत विचारण्यांत अर्थ नाहीं. एखाद्या महिन्याच्या जाहिरातीसाठीं केलेल्या पानाला वीस-वीस दुवे लावणारा मनुष्य गिऱ्हाइकाचे पैसे उधळतो. दहा वर्षें चालणाऱ्या, माणसें बदलत जाणाऱ्या, आणि चुकल्यास कोणाचा जीव किंवा ठेव जाईल अशा कामांत दुवे टाळणारा मनुष्य तोच पैसा वाचवून तो दुसऱ्याच्या नांवें कर्जाऊ काढून ठेवतो. या दोहोंच्या मध्यें जें बरेंच मोठें क्षेत्र आहे, तेथें सर्व ओळींना सारखे दुवे देण्यापेक्षां, ज्या ओळी पाहिल्यावर नव्या माणसास 'हें असें कां?' असा प्रश्न पडेल, तेवढ्याच ओळींपाशीं उत्तर लिहून ठेवणें परवडतें. एरियानच्या त्या तीन उघड्या संख्यांपाशीं एक-एक ओळ पुरली असती: ही संख्या अमक्या रॉकेटाच्या अमक्या मार्गावर एवढ्याहून मोठी होत नाहीं, आधार अमुक कागद. या तीन ओळींस दहा हजार दुव्यांचा तक्ता लागत नव्हता. मात्र कोणत्या तीन ओळी, हें ओळखण्यास अनुभवी मनुष्य लागतो, आणि अनुभवी माणसाचा वेळ हाच या धंद्यांत सर्वांत महाग असतो.

राहतां राहिला प्रश्न पैसे कोणीं द्यावयाचे हा. बाहेरून सॉफ्टवेअर करवून घेणाऱ्या संस्था, मग ती एखादी नागरी सहकारी बँक असो वा एखादें रुग्णालय, करारांत कोड मागतात, चाचण्यांचे निकाल मागतात, शिकवणी मागतात. दुव्यांचा उल्लेख क्वचित् असतो. मग काम करणारी कंपनी ते ठेवीत नाहीं, किंवा ठेवले तर आपल्यापाशीं ठेवते. आणि तीन-चार वर्षांनीं काम दुसऱ्या कंपनीकडे सोंपविण्याची वेळ आली, म्हणजे नवी कंपनी पहिले कित्येक महिने जुन्या ओळींचीं कारणें हुडकण्यांत घालविते व त्याचें बिल लावते. तें बिल गिऱ्हाईकच भरतें. कामाच्या आरंभीं, कोणत्या भागांचे दुवे हवेत, ते कोणत्या रूपांत हातीं यावेत, आणि त्यांसाठीं वेगळी किंमत किती, हीं तीन कलमें करारांत घातलीं, तर निदान खर्चाचा आंकडा आधीं समोर येतो, आणि तो नाकारावयाचा असेल तर समजून-उमजून नाकारतां येतो.